वैद्य, रोगी आणि तिसरा पक्ष

वैद्यकीय नीतीचा विचार शपथेच्या उल्लेखाने सुरू करण्याची प्रथा आहे. ग्रीक परंपरेत हिप्पोक्रेटिसच्या नावाने चालत आलेली शपथ आहे. आपल्याकडे चरकसंहितेच्या विमानस्थानात गुरूने शिष्याला दीक्षेच्या वेळी करावयाचा उपदेश आहे. दोहोंचा काळ व प्रदेश भिन्न असला तरी आशय पुष्कळसा सारखा आहे. वैद्याने रोग्याच्या हितासाठी झटावे, त्याच्या घरात जे दिसेल ते बाहेर बोलू नये, आपल्या विद्येने कोणास अपाय करू नये, असे दोन्ही ठिकाणी सांगितले आहे.

या दोन्ही उपदेशांत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. खोलीत दोनच माणसे आहेत, एक वैद्य आणि दुसरा रोगी. वैद्याला मानधन देणारा रोगीच, त्याला बोलावणारा रोगीच आणि त्याच्या सल्ल्याचे बरेवाईट फळ भोगणाराही रोगीच. आजच्या वैद्यकव्यवसायात हे चित्र क्वचितच खरे असते. डॉक्टरचे वेतन कारखान्याचा मालक देतो, शासन देते, संशोधनाला पैसा पुरवणारी संस्था देते किंवा विमा कंपनी देते. हा तिसरा पक्ष प्रत्यक्ष खोलीत नसतो, परंतु डॉक्टरच्या लेखणीवर त्याचे वजन असते. त्याचे हित आणि रोग्याचे हित एकाच दिशेने जात असेल तोवर शपथ पाळणे सोपे असते. दोन्ही हितांत विरोध उत्पन्न झाला म्हणजे वैद्याची निष्ठा कोणाकडे असावी, हा वैद्यकीय नीतीतील आजचा मुख्य प्रश्न आहे. रुग्णसेवा, शिक्षण आणि संशोधन या तिन्ही क्षेत्रांत तो निरनिराळ्या रूपाने पुढे येतो. अमूर्त चर्चेपेक्षा एखादे स्थळ डोळ्यांपुढे ठेवून त्याचा विचार करणे अधिक उपयुक्त होईल. असे एक स्थळ म्हणजे रायपूरजवळील उरला.

उरला येथील धूळ

मराठी वाचकाला रायपूर अगदीच परके नाही. छत्तीसगड अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली आला आणि पुढे १९५६ पर्यंत नागपूर हीच ज्याची राजधानी होती त्या प्रांताचा तो भाग राहिला. रायपूरचे वैद्यकीय महाविद्यालय १९६३ मध्ये स्थापन झाले. छत्तीसगड हे स्वतंत्र राज्य २००० साली अस्तित्वात आले आणि २०१२ पासून रायपुरात अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थाही आहे. वैद्यकीय शिक्षणाच्या या केंद्रापासून अवघ्या काही किलोमीटरांवर, शहराच्या उत्तरेस, बिरगाव, उरला आणि सिलतरा हा औद्योगिक पट्टा पसरलेला आहे. स्पंज आयर्नचे कारखाने, पोलाद वितळवणाऱ्या इंडक्शन भट्ट्या, रोलिंग मिल आणि फेरो-अलॉयचे कारखाने ही त्याची ओळख. छत्तीसगडच्या खेड्यांतून आणि शेजारच्या राज्यांतून आलेले मजूर येथे मोठ्या संख्येने ठेकेदारामार्फत काम करतात.

इंडक्शन भट्टीत वितळलेले पोलाद ज्या पात्रात राहते त्याला आतून गारगोटीच्या भुकटीचे अस्तर द्यावे लागते. या भुकटीला त्या धंद्यात रॅमिंग मास म्हणतात. अस्तर काही दिवसांनी झिजते. मग जुने अस्तर फोडून काढावयाचे आणि नवी भुकटी ठोकून बसवावयाची. गारगोटी म्हणजे जवळजवळ शुद्ध सिलिका. ती फोडताना, दळताना, पोत्यात भरताना आणि भट्टीत ठोकताना उडणाऱ्या धुळीतील सर्वांत सूक्ष्म कण, म्हणजे मिलिमीटरच्या सुमारे दोनशेव्या भागाहूनही लहान कण, श्वासाबरोबर फुप्फुसाच्या तळापर्यंत पोहोचतात. शरीर त्यांना बाहेर टाकू शकत नाही. त्यांच्याभोवती व्रणासारख्या गाठी तयार होतात आणि फुप्फुस हळूहळू ताठर होत जाते. या रोगाला सिलिकोसिस म्हणतात. धूळ बेताची असेल तर तो दहावीस वर्षांनी दिसू लागतो. धूळ फारच दाट असेल तर काही महिन्यांतही माणूस खाटेला खिळतो. त्यावर औषध नाही. मात्र तो होऊ न देण्याचे उपाय जुने आणि ज्ञात आहेत. धूळ पाण्याने बसवावयाची, यंत्र झाकावयाचे आणि हवा ओढून बाहेर न्यावयाची. १९४७ मध्ये कोलारच्या सोन्याच्या खाणींतील कामगारांत हा रोग आढळल्याची नोंद झाली, तेव्हापासून तो भारतीय वैद्यकास परिचित आहे.

सिलिकोसिस आणि क्षय यांचे नाते चमत्कारिक आहे. दोहोंत खोकला येतो, धाप लागते, वजन घटते. क्ष-किरण चित्रात दोन्ही ठिकाणी डाग दिसतात. शिवाय सिलिकाने जखडलेल्या फुप्फुसात क्षयाचे जंतू कित्येक पटींनी सहज घर करतात. त्यामुळे गर्दीच्या दवाखान्यात धापा टाकत आलेल्या मजुराच्या केसपेपरवर ‘क्षयरोग’ हा शब्द सहज लिहिला जातो. तो पुष्कळदा खोटा नसतो, पण अपुरा असतो. थुंकीत जंतू सापडले नाहीत तर तो चुकीचाही असू शकतो. मजूर सहा महिने गोळ्या खातो, तात्पुरता सुधारतो किंवा सुधारत नाही आणि पुन्हा त्याच धुळीत जातो.

एका शब्दाची किंमत

वरवर पाहता हा निदानातील दोष वाटेल. परंतु त्या दोन शब्दांमधील अंतर केवळ वैद्यकीय नाही. क्षय हा जंतूपासून होतो. तो कोणालाही कोठेही होऊ शकतो. त्याची जबाबदारी कोणावर येत नाही. सिलिकोसिस मात्र धुळीत काम केल्यावाचून सहसा होत नाही. ते निदान लिहिणारा डॉक्टर रोगाबरोबर रोगाचे कारणही लिहीत असतो. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याने अनुसूचीत दिलेला व्यावसायिक रोग हा कामावर झालेल्या अपघातासारखाच मानला आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने तेच तत्त्व पुढे चालवले. म्हणजे ‘क्षय’ या शब्दाने मजुराला औषध मिळते, तर ‘सिलिकोसिस’ या शब्दाने त्याला हक्क मिळतो आणि कारखान्यावर दायित्व येते.

मालकाच्या पगारावर असलेला डॉक्टर अशा वेळी काय करतो, याचे एक उदाहरण वैद्यकाच्या इतिहासात नोंदलेले आहे. १९३० साली अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात गॉली ब्रिज या गावाजवळ जलविद्युत प्रकल्पासाठी हॉक्स नेस्ट बोगदा खोदण्यास प्रारंभ झाला. खडक सिलिकाने भरलेला होता, ड्रिल कोरडी चालत होती आणि मजूर बहुतांशी दक्षिणेकडून आलेले कृष्णवर्णीय होते. ते धापा टाकू लागले तेव्हा कंपनीच्या डॉक्टरांनी त्यांना ‘टनेलायटिस’ झाल्याचे सांगितले. कोणत्याही वैद्यकीय ग्रंथात नसलेला हा शब्द रोगाला नाव देण्यासाठी नव्हे, तर खरे नाव टाळण्यासाठी बनवलेला होता. १९३६ मध्ये अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे मृतांची संख्या ४७६ सांगण्यात आली. १९८६ मध्ये मार्टिन चेर्नियाक या डॉक्टराने केलेल्या अभ्यासात ती किमान ७६४ असल्याचा अंदाज निघाला.

भारतात या बाबतीत कायदा मुळीच मुका नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ८९ ने अनुसूचित व्यावसायिक रोगाची शंका आल्यास रोग्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरने मुख्य कारखाना निरीक्षकाकडे लेखी कळवावे असे बंधन घातले. सिलिकोसिस त्या अनुसूचीत होता. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्यविषयक संहितेनेही डॉक्टरवरील हे कर्तव्य कायम ठेवले. हे बंधन केवळ कारखान्याच्या डॉक्टरपुरते नाही. सरकारी रुग्णालयातील डॉक्टर आणि बिरगावच्या गल्लीत दवाखाना चालवणारा डॉक्टर या दोघांनाही ते लागू आहे. तुलनेसाठी क्षयरोगाकडे पाहावे. २०१२ पासून क्षयाच्या प्रत्येक रोग्याची नोंद कळवणे देशभर सक्तीचे झाले आणि त्यामागे कार्यक्रम, कर्मचारी व पाठपुरावा उभा राहिला. एका नोंदीला विचारणारे कोणी आहे, दुसरीला कोणी नाही. ज्या शब्दाची चौकशी होते तो शब्द लेखणीतून उतरतो, हा मनुष्यस्वभाव आहे.

रोगी स्वतःच ‘लिहू नका’ म्हणाला तर

येथवरचा विचार सोपा होता, कारण त्यात मालक एका बाजूला आणि मजूर दुसऱ्या बाजूला होता. खरी अडचण याच्या पुढे आहे. समजा, एक मजूर डॉक्टरपुढे बसला आहे. पंधरा वर्षे तो भट्टीचे अस्तर बदलण्याचे काम करीत आला आहे. क्ष-किरण चित्र पाहून डॉक्टरला शंका येते आणि तो तसे सांगतो. मजूर हात जोडून म्हणतो, “डॉक्टरसाहेब, कागदावर लिहू नका. ठेकेदाराला कळले तर उद्यापासून काम बंद होईल.” तो चुकीचे बोलत नाही. त्याचे नाव कारखान्याच्या हजेरीपटावर कदाचित नसेल. गेल्या पंधरा वर्षांत त्याने चार ठेकेदार पाहिले असतील. कामाचा पुरावा त्याच्यापाशी नसेल. भरपाई मिळण्यास वर्षे लागतील आणि मजुरी मात्र उद्याच बुडेल.

अशा वेळी रोग्याच्या इच्छेचा मान राखून गप्प बसणे ही नीती, की त्याच्या विनवणीला न जुमानता कायदा पाळणे ही नीती? दोन्ही उत्तरे डॉक्टरला सोयीची आहेत आणि म्हणूनच दोन्हींविषयी सावध राहिले पाहिजे. गप्प बसणारा डॉक्टर दयाळू दिसतो, पण त्याच्या मौनाने त्या मजुराचे फुप्फुस वाचत नाही आणि त्याच्या शेजारी काम करणाऱ्या तरुणाला धुळीची वार्ताही लागत नाही. नुसता अर्ज भरून मोकळा होणारा डॉक्टर कर्तव्यदक्ष दिसतो, पण त्याच्या कर्तव्याची किंमत मजुराचे घर मोजते.

यातून वाट आहे, परंतु ती काही टप्प्यांनी जाते. पहिला टप्पा सांगण्याचा. रोगाचे नाव, कारण आणि पुढील मार्ग रोग्याला त्याच्या भाषेत, प्रथम आणि पूर्णपणे कळले पाहिजे. त्याचे क्ष-किरण चित्र व तपासणीची प्रत त्याच्या हाती दिली पाहिजे. दुसरा टप्पा लिहिण्याचा. रोगी कोणत्या कारखान्यात, कोणत्या कामावर, किती वर्षे होता हे त्याच्या तोंडून ऐकून केसपेपरवर तारखेसह नोंदले पाहिजे. ज्याच्यापाशी हजेरीचा पुरावा नाही त्याच्यासाठी दवाखान्यातील ही नोंद पुढे मोलाची ठरते. तिसरा टप्पा कळवण्याचा. निरीक्षकाला कळवणे आणि मालकाला कळवणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. व्यावसायिक आरोग्याच्या आंतरराष्ट्रीय आयोगाची १९९२ ची नीतिसंहिता सांगते की डॉक्टरने मालकाला कामगार अमुक कामास योग्य आहे की नाही, एवढेच सांगावे. निदान हे कामगाराचे आहे. चौथा टप्पा कामाचा. धुळीतून काढून त्याला दुसऱ्या कामावर ठेवण्याची शिफारस हीसुद्धा औषधपत्राइतकीच वैद्यकीय बाब आहे. हे चार टप्पे एकट्या डॉक्टरच्या धैर्यावर सोडून चालणार नाही. संघटना, विमा वैद्यकीय अधिकारी आणि निरीक्षक ही साखळी असेल तरच डॉक्टरचे सत्य रोग्याच्या डोक्यावर न कोसळता त्याच्या उपयोगी पडते.

सत्य नोंदले गेले तर काय होऊ शकते याचे उदाहरण शेजारच्या मध्य प्रदेशात आहे. अलिराजपूर, झाबुआ आणि धार जिल्ह्यांतील आदिवासी मजूर गुजरातेतील गारगोटी दळण्याच्या कारखान्यांत जाऊन सिलिकोसिसने मेले. त्यांची नावे गोळा झाली, निदाने नोंदली गेली, राष्ट्रीय मानवी हक्क आयोगापुढे प्रकरण गेले आणि २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २३८ मृतांच्या कुटुंबीयांना प्रत्येकी तीन लाख रुपये देण्याचा आदेश गुजरात शासनाला दिला. गेलेली माणसे परत आली नाहीत. पण ती कशाने गेली हे देशाच्या सर्वोच्च न्यायासनाच्या कागदावर आले.

शरीर कामासाठी, की काम शरीरासाठी

तिसऱ्या पक्षाचे वजन फक्त धुळीच्या कारखान्यात जाणवते असे नाही. महाराष्ट्रात बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांचे प्रकरण २०१९ मध्ये उजेडात आले. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या पाहणीत ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. ऊसतोडीत नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो. उचल आधी घेतलेली असते. एक दिवस काम चुकले तर मुकादम खाडा धरतो. पाळीच्या दिवसांतील वेदना, अस्वच्छ पाणी आणि जुना संसर्ग यांवर औषधोपचार करावयाचे सोडून गर्भाशयच काढण्याचा सल्ला देणाऱ्या डॉक्टरने त्या स्त्रीची विनंती मान्य केली असे म्हणता येईल. परंतु ती विनंती तिच्या तोंडून खाडा करवीत होता. शरीराला सोसेल असे काम घडवण्याऐवजी कामाला सोईचे शरीर घडवण्यासाठी शस्त्र चालवले गेले.

छत्तीसगडमध्येच ८ नोव्हेंबर २०१४ रोजी बिलासपूरजवळ झालेल्या नसबंदी शिबिरात ८३ स्त्रियांवर काही तासांत शस्त्रक्रिया उरकण्यात आल्या आणि त्यांतील तेरा जणी दगावल्या. मृत्यूचे कारण जंतुसंसर्ग की दूषित औषध, यावर पुढे वाद झाला. पण एका शल्यचिकित्सकाने दिवसात किती शस्त्रक्रिया कराव्यात याच्या शासकीय मर्यादेहून ती संख्या कितीतरी अधिक होती, याविषयी वाद नव्हता. तेथे तिसरा पक्ष शासन होते आणि त्याचे नाव उद्दिष्ट असे होते. २०१६ मध्ये देविका बिस्वास यांच्या याचिकेवर निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करण्याचे निर्देश दिले.

विद्यार्थ्याला काय शिकवले जाते

बर्नार्दिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने १७०० साली कामगारांच्या रोगांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. पाथरवटांच्या फुप्फुसात वाळू साठते, या पूर्वीच्या शवविच्छेदकाच्या निरीक्षणाची त्याने त्यात दखल घेतली आहे. त्याचे सर्वांत मोठे कार्य मात्र एका साध्या प्रश्नाचे आहे. रोग्याला विचारण्यासाठी हिप्पोक्रेटिसने जे प्रश्न सांगितले त्यांत त्याने एका प्रश्नाची भर घातली: तुम्ही काम काय करता?

तीनशेहून अधिक वर्षांनंतर हा प्रश्न प्रत्येक वैद्यकीय विद्यार्थ्याला शिकवला जातो. केसपेपरवर त्यासाठी जागाही असते. तेथे बहुधा ‘मजूर’ एवढाच शब्द लिहिलेला आढळतो. मजूर म्हणजे शेतातला की भट्टीवरचा, दगड फोडणारा की पोती उचलणारा, हे विचारण्यास दोन मिनिटे लागतात आणि बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत तीच सर्वांत दुर्मिळ वस्तू असते. विद्यार्थी वरिष्ठांना पाहून शिकतो. वरिष्ठाने ‘मजूर’ या शब्दावर थांबून पुढचा प्रश्न विचारलेला त्याने कधी पाहिलाच नाही, तर परीक्षेपुरती पाठ केलेली व्यावसायिक रोगांची यादी त्याच्या उपयोगी पडत नाही.

भारतीय वैद्यक परिषदेने २०१९ च्या तुकडीपासून पदवी अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद यांचा स्वतंत्र भाग समाविष्ट केला, हे स्वागतार्ह आहे. परंतु नीती हा वेळापत्रकातील एक तास झाला आणि उरलेल्या तासांत रोगी केवळ ‘खाट क्रमांक सात’ राहिला, तर विद्यार्थी त्या उरलेल्या तासांचेच अनुकरण करील. शिक्षणातही तिसरा पक्ष असतोच. तो म्हणजे परीक्षा. धडा म्हणून दाखवल्या जाणाऱ्या रोग्याची छाती वीस विद्यार्थी एकामागून एक तपासतात आणि त्या छातीत काय आढळले हे त्याला सांगण्याचे कोणाच्याही लक्षात राहत नाही. रायपूरमध्ये शिकणाऱ्या विद्यार्थ्याने आंतरवासितेच्या वर्षात एक दिवस उरला येथील भट्टीजवळ उभे राहून अस्तर बदलताना पाहिले, तर ‘मजूर’ या शब्दापुढे काय विचारावयाचे हे त्याला पुस्तकाविना कळेल.

ज्ञान कोणासाठी

संशोधनाच्या क्षेत्रात तिसऱ्या पक्षाला ज्ञान असे सन्मान्य नाव असल्यामुळे तो ओळखणे अवघड जाते. अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने १९५० पासून युरेनियमच्या खाणकामगारांची पाहणी केली. खाणींत प्रवेश मिळावा म्हणून कामगारांना किरणोत्सर्गाच्या धोक्याविषयी सांगावयाचे नाही हे संशोधकांनी मान्य केले. शास्त्राला फुप्फुसाच्या कर्करोगाविषयी मौलिक माहिती मिळाली; ज्यांच्या मृत्यूंतून ती मिळाली त्यांना ती वेळेवर कोणी दिली नाही. नुकसानभरपाईचा कायदा १९९० मध्ये झाला.

महाराष्ट्रातील एक उदाहरण अधिक गुंतागुंतीचे आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून १,३१,७४६ स्त्रियांचा गर्भाशयमुखाच्या कर्करोगासंबंधी अभ्यास करण्यात आला. एका गटाची विषाणूसाठी चाचणी झाली. दुसऱ्या एका गटाला तुलनेसाठी चाचणीविना नेहमीच्या सेवेवर ठेवण्यात आले. २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा चाचणी झालेल्या ३४,१२६ स्त्रियांपैकी या कर्करोगाने ३४ जणी मृत्यू पावल्याचे आणि तुलनेच्या गटातील ३१,४८८ पैकी ६४ जणी मृत्यू पावल्याचे आढळले. एकाच चाचणीने मृत्यू निम्म्यावर येतात हे जगाला कळले. त्या भागात आधीपासून कोणतीही तपासणी उपलब्ध नव्हती, तेव्हा तुलनेच्या गटाकडून काही काढून घेतले गेले नाही, असे समर्थकांचे म्हणणे. तपासणीने प्राण वाचतात हे पूर्वीच ज्ञात असताना एका गटाला तिच्याविना का ठेवावे, असा टीकाकारांचा प्रश्न. दोन्ही बाजूंचे युक्तिवाद गंभीर आहेत. परंतु ‘येथे काहीच नव्हते’ या सबबीवर कमी देणे न्याय्य ठरत असेल, तर गरिबांचे दारिद्र्य हेच संशोधनाचे साधन होऊन बसते, ही भीती दूर सारता येत नाही.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९८० मध्ये मानवी संशोधनाच्या नीतीविषयी पहिले धोरण जाहीर केले आणि २०००, २००६ व २०१७ मध्ये त्याचा विस्तार केला. वरिष्ठाच्या अधीन असलेल्या व्यक्तीची संमती सहजासहजी मुक्त मानता येत नाही, हे तत्त्व त्यात आहे. उरला येथे एखादा संशोधक कामगारांच्या फुप्फुसांची पाहणी करू लागला आणि मुकादमाने माणसे रांगेत उभी केली, तर कागदावरील अंगठ्याला संमती म्हणता येणार नाही. पाहणीचा निष्कर्ष नियतकालिकात जाण्याआधी ज्याचे फुप्फुस तपासले त्याच्या हाती गेला पाहिजे. १९९५ मध्ये ॲस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या आरोग्याच्या नोंदी नोकरी लागल्यापासून चाळीस वर्षे किंवा ती संपल्यानंतर पंधरा वर्षे, यांपैकी जी मुदत नंतर संपेल तोपर्यंत, जपण्याचे निर्देश दिले. धुळीचा रोग कामगार घरी बसल्यावरही प्रकट होतो, हे त्या निर्णयाने ओळखले होते.

छत्तीसगडचे एक उत्तर

या प्रश्नाला छत्तीसगडमध्ये एकदा निराळ्या प्रकारे उत्तर देण्यात आले. दल्ली राजहरा येथील लोहखाणींच्या मजुरांवर २ व ३ जून १९७७ रोजी गोळीबार झाला आणि त्यात अकरा जण मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ मजुरांनी स्वतःच्या वर्गणीतून आणि श्रमातून शहीद रुग्णालय उभारले. ३ जून १९८३ रोजी ते सुरू झाले. शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखालील संघटना आणि विनायक सेन, आशिष कुंडू, शैबाल जाना यांच्यासारखे डॉक्टर तेथे एकत्र आले. अनावश्यक औषधे व सलाइन टाळणे, मजुरांतूनच आरोग्यसेवक तयार करणे आणि रोगाचे कारण लोकांना समजावून सांगणे ही तेथील रीत होती. नियोगींची चळवळ १९९०-९१ मध्ये भिलाई आणि उरला येथील ठेका मजुरांपर्यंत पोहोचली. २८ सप्टेंबर १९९१ रोजी भिलाईत त्यांची हत्या झाली.

त्या रुग्णालयाचे वैशिष्ट्य केवळ स्वस्त उपचारात नव्हते. तेथे डॉक्टरला नेमणारा आणि डॉक्टरपुढे झोपणारा माणूस एकाच समूहाचा होता. तिसऱ्या पक्षाची जागा रोग्यांनीच घेतली होती. प्रत्येक औद्योगिक वसाहतीत असे रुग्णालय उभे राहील अशी अपेक्षा करणे व्यवहार्य नाही. मात्र त्यातून घेण्याजोगे तत्त्व कोठेही अमलात आणता येण्यासारखे आहे: डॉक्टरला वेतन कोणीही देवो, रोग्याविषयी त्याने जे लिहिले ते रोग्याला वाचावयास मिळाले पाहिजे आणि त्याविषयी जाब विचारण्याचा अधिकार प्रथम रोग्याचा असला पाहिजे.

उरला येथे त्याची सुरुवात फार मोठ्या सुधारणेने करावी लागणार नाही. आज केसपेपरवर व्यवसायाच्या रकान्यात ‘मजूर’ लिहिले जाते. त्याऐवजी ‘इंडक्शन भट्टी, रॅमिंग मास, पंधरा वर्षे’ असे लिहिले गेले, त्याची प्रत रोग्याला मिळाली आणि तिच्या आधारे एक पत्र कारखाना निरीक्षकाच्या कार्यालयात पोहोचले, तर वैद्याच्या शपथेचा त्या ठिकाणचा अर्थ पुष्कळ अंशी पूर्ण झाला असे म्हणावे लागेल.